मास्तरांच्या उपदेशातली माझी आई

हे लिहायला बसताना सगळ्यात आधी अनुसयाबाईंचं नाव लिहून ठेवते. पुढं काही सांगायचं राहून गेलं तरी चालेल, हे नाव राहायला नको. गावोगाव ख्रिस्ताचा उपदेश करत फिरणारे सुवार्तिक नथानिएल मास्तर, त्यांची ही बायको. सांगलीच्या त्या दुपारी भरल्या मांडवात, नवऱ्याच्या तोंडावर, त्या दोन-चार वाक्यं बोलल्या नसत्या तर माझी आई सगळा कलंक पदरात बांधून घरी गेली असती आणि मी उरलेला जन्म तिच्यासमोर जायला घाबरले असते. बाई मला मावशी नाहीत, आत्या नाहीत. दोन वर्षं त्यांच्या चुलीपुढं जेवले, एवढंच नातं.

मी बार्शीच्या पलीकडची. बाप पटकीनं गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. दोन वर्षं आईनं कशीबशी काढली आणि मग कुणी सांगितलं म्हणून मला घेऊन ती बार्शीच्या छोट्या आगगाडीनं निघाली, गाड्या बदलत, चालत, विचारत साताऱ्याला आली आणि तिनं मला ख्रिस्ती मुलींच्या बोर्डिंगात घातलं. फाटकाच्या गजाला धरून ती किती वेळ उभी होती! जाताना एकच म्हणाली, "पोटभर खा." पाचवी होईपर्यंत मी तिथं होते. मग लढाई आली, धान्य मापून मिळायला लागलं, आणि वयानं वाढलेल्या मुलींना बोर्डिंगातून काढून जिच्या तिच्या घरी धाडायचं ठरलं. मला घर कुठलं? आई दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहिलेली, तिच्याच डोक्यावर धड छप्पर नव्हतं. मी ट्रंकेवर बसून रडत होते तेव्हा बोर्डिंगात उपदेशाला येणारे मास्तर ऑफिसातून बाहेर आले आणि म्हणाले, "ही गाणारी पोर ना? ही माझ्याकडे येईल." शाळा सुटली ती तिथंच. पण त्या दिवशी मास्तरांचे पाय धरावेसे वाटले होते हे आजही खोटं सांगणार नाही.

मास्तरांचं घर सांगलीत, दोन खोल्यांचं, पाठीमागं पडवी. पहाटे मास्तर उठून भिंतीकडे तोंड करून उपदेशाची तालीम करायचे. आधी पुटपुटत, मग हळूहळू आवाज चढायचा, आणि इकडे बाई भाकरी थापायला बसायच्या. थापटण्याचा आवाज आणि मास्तरांचा आवाज असे काही एकात एक मिसळायचे की "पश्चात्ताप करा" म्हटलं की मला अजून गरम भाकरीचा वास येतो. रेशनच्या धान्यात खडे फार. बाई ते निवडत बसायच्या आणि निवडता निवडता मास्तरांची चूक काढायच्या. "अहो, पापी माणूस तिसऱ्यांदा रडला. दोनदा पुरे." मास्तर भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणायचे, "बरं, दोनदा." सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याचा म्हाद्या, रविवारी कधी तरी भात. बाईंना मूल नव्हतं. माझ्या डोक्याला तेल लावताना त्या इतकं जोरात घासायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "माया अशीच असते बाई माझी, खरखरीत."

आणि मास्तरांचा उपदेश! पुष्कळ मोठमोठे वक्ते मी नंतर ऐकले, पण तसं बोलणं कुणाचं नाही. पूर्वी ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्याला कळलं की नाही हे बघूनच पुढं जायचे. कृष्णाकाठच्या गावांत ते गुऱ्हाळावरून सुरुवात करायचे. "गड्यांनो, रस काहिलीत पडला की काय होतं? उकळी येते. उकळी आली की मळी वर येते. ती मळी आधी दिसत होती का? नव्हती. रस कसा गोड, सोनेरी दिसत होता! चुलवणाला जाळ लागल्याशिवाय रसाला आपली घाण कळत नाही." मग खिशातून रुमाल काढून ते मळी काढल्यासारखा हात फिरवायचे, आणि ऊसवाले शेतकरी, ज्यांचा आमच्या देवाशी काही संबंध नव्हता, तेसुद्धा मान डोलवायचे. मास्तर स्वतः रडायचे. खोटं नव्हे, खरं रडायचे. ते ढोंगी असते तर मला पुढं इतकं अवघड गेलं नसतं.

आम्ही चौघं फिरायचो. मास्तर, बाई, मी आणि पेटीवाले लाजरसभाऊ. दिवस चळवळीचे होते. गावात परकं माणूस शिरलं की खबऱ्या म्हणून संशय. तासगावकडे एकदा दोन काठीवाल्यांनी आमची गाडी अडवली. "कुणाकडचं रं तुमी?"

मास्तर आपल्या तंद्रीत बोलून गेले, "राजाकडचे."

"कंच्या राजाच्या? गोऱ्याच्या?" काठ्या वर झाल्या.

लाजरसभाऊ पेटी मांडीवर घेऊन पुढं सरकले. "न्हाई गड्या. आमचा राजा गाढवावर बसून येतो." बायबलात प्रभू तसाच येतो.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग एक म्हणाला, "जावा मग. गाढवावरचा काय वाईट करतोय आमचं?" त्या संध्याकाळी ते दोघं सभेला येऊन पुढंच बसले होते.

आता साक्षीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच बिघडलं. उज्जीवनाच्या, म्हणजे लोकांचा विश्वास जागा करायच्या सभेत नुसता उपदेश होत नाही. कुणीतरी उठून सांगायचं असतं, मी असा होतो, असा झालो. त्याला आम्ही साक्ष म्हणतो. ती ऐकली की बाकीच्यांना धीर येतो आणि माणसं पुढं येऊन गुडघे टेकतात. दारू सोडलेला, चोरी सोडलेला माणूस साक्षीला चांगला. आमच्याकडे असा कुणी नव्हता. लाजरसभाऊ तर तंबाखूसुद्धा सोडायला तयार नव्हते. मग मास्तरांनी मला उभं करायला सुरुवात केली. मला लोकांपुढं बोलता येत नसे. म्हणून माझी साक्ष तेच सांगायचे, मी शेजारी उभी. शेवटी ते माझ्याकडे वळून विचारायचे, "काय शेवंता, खरं ना?" आणि मी म्हणायची, "खरं." लोक "आमेन" म्हणायचे, पेटी सुरू व्हायची आणि मी गायची.

पहिल्यांदा साक्ष साधी होती. गरीब विधवेची पोर, देवानं तिला अन्न दिलं, विद्या दिली. खरंच होतं ते. मग एका संध्याकाळी चुलीपुढं बसून मी मास्तरांना आणि बाईंना आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली. बाप गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. तळाशी वाटीभर पाणी झिरपायचं, पोहरा बुडायचा नाही. गावातल्या बायका अंगानं हलक्या पोरांना आत उतरवायच्या. आईनं माझ्या कमरेला काथ्याचा दोर बांधला, दोनदा ओढून बघितला आणि मला खाली उतरवलं. मी करवंटीनं पाणी घागरीत भरायची, आधी घागर वर जायची, मग मी. खाली अंधार, भिंतीला बेडूक. मी ओरडायची, आणि वरून आई सारखी बोलत राहायची, "हाय गं, हाय मी हितं, हाय." वर आले तेव्हा तिच्या तळहाताची साल निघालेली होती. हे ऐकून बाई निखारे पुढं ओढत राहिल्या. मास्तर मात्र म्हणाले, "विहीर! केवढं मोठं चित्र आहे हे!"

कराडला माझ्या साक्षीत विहीर आली. पहिल्या वेळी दोर होता. इस्लामपूरला दोराचं नाव मास्तरांनी घेतलं नाही. पुढच्या गावात आई मला घेऊन विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि तिच्या मनात सैतान आला. त्याच्या पुढच्या गावात सैतानानं तिच्याकडून मला ढकलवलं, आणि कुणा वाटसरूच्या रूपानं प्रभूनं हात दिला. मी शेजारीच उभी असायची. "काय शेवंता, खरं ना?" "खरं." गाडीत बसल्यावर लाजरसभाऊ चिडवायचे, "शेवंते, आज हीर किती परस खोल गं?" मी म्हणायची, "तुमच्या पेटीच्या भात्याएवढी." हसायचो आम्ही. बाई हसत नसत. त्यांनी एकदा घरी विषय काढला तेव्हा मास्तर म्हणाले, "माणसं तरतायत ना? हिची आई कुठं ऐकायला बसलीय इथं?"

मी "खरं" का म्हणत होते? हा प्रश्न माझ्याशिवाय फार कुणी मला विचारलेला नाही. मला भीती होती. मास्तरांनी मला ट्रंकेवरून उठवून घरी आणलं, माझ्या पायात पहिल्या वहाणा घातल्या, गाणं ओळी-ओळीनं शिकवलं. नाही म्हटलं तर पुन्हा ट्रंकेवर. पण नुसती भीतीही नव्हती. मी गुडघे टेकलेल्या बायका बघत होते, सासुरवाशिणी ओक्साबोक्शी रडून मोकळ्या होत होत्या, आणि मला वाटायचं, त्यांचं एवढं भलं होतंय, आईला कुठं कळतंय?

मग सांगलीतच मोठी सभा ठरली. नदीजवळच्या पटांगणात मांडव, तीन दिवस, पुण्याहून दोन पाहुणे पाळक, चर्चचे धर्मगुरू, येणार. मी माझं गाणं आईला ऐकवावं म्हणून कार्ड लिहिलं. दोन वर्षांत तिची भेट नव्हती. कार्ड टाकल्यावर एकदम लक्षात आलं, आई माझी साक्षही ऐकेल. भीत भीत मास्तरांना म्हटलं, "मास्तर, आई येणार आहे. त्या दिवशी विहीर नको."

मास्तर हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुसरा हात पवित्र शास्त्रावर, बायबलावर होता. म्हणाले, "वेडी का तू? तुझी आई बसलेली असताना मी असं बोलेन? त्या दिवशी नुसतं गाणं." बाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. मी इतकी निर्धास्त झाले की त्या रात्री पडल्या पडल्या झोपले.

आई शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी आली. मांडवाच्या कडेला बायकांच्या सतरंजीवर, चपला हातात घेऊन बसलेली मला चौथऱ्यावरून दिसली. केवढी लहान झाली होती. मला बघून तिनं हात वर केला आणि मग लाजून खाली घेतला. मी पहिलं गाणं गायले ते तिच्याकडे बघूनच. सतरंजीवरच्या दोघी-तिघींना ती बोटानं दाखवत होती, ती माझी, ती.

पण सभा जमत नव्हती. ऊन फार, लोक पेंगुळलेले, पंख्यांनी वारा घेणारे. गुऱ्हाळ झालं, काहील झाली, मळी झाली, कुणी हललं नाही. पाहुण्या पाळकांपैकी एकानं घड्याळ बघितलं. मास्तरांनी ते बघितलं, मीही बघितलं. मास्तरांनी रुमालानं कपाळ पुसलं, आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ये शेवंता. पुढं ये."

मला अजून वाटलं, गाण्यासाठीच.

त्यांनी सगळं सांगितलं. एकही गाव गाळलं नाही, मागच्या सगळ्या गावांतून जे जे वाढलं होतं ते सगळं. भर उन्हाळा, विधवा, काठ, सैतान. "आणि जन्मदात्या आईनं, स्वतःच्या हातांनी, या लेकराला आत ढकलून दिलं!" पेंगलेली माणसं ताठ बसली. बायकांच्या बाजूनं चुकचुकणं ऐकू आलं. मी आईकडे बघू शकत नव्हते, मांडवाच्या बांबूला बांधलेल्या सुतळीकडे बघत होते. "काय शेवंता, खरं ना?"

मी "खरं" म्हणाले. जिभेला सवय होती. नंतर मी स्वतःला हज्जारदा समजावलं, सवय होती. पण त्याच्या आधी एक क्षण होता, मला चांगला आठवतो, त्या क्षणात मला "नाही" म्हणता आलं असतं.

आणि मग आई उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढून तिनं मास्तरांना हात जोडले. "म्हाराज, चुकलं माजं," ती म्हणाली. "लेकराला हिरीत घालाय नको हुतं. लई भ्यालं हुतं त्ये. मला अजून झोपंत वरडल्यालं ऐकू येतंय."

मांडवात एकदम "आमेन, आमेन" उसळलं. मास्तरांचे डोळे भरून आले. हात आभाळाकडे करून ते म्हणाले, "बघा! बघा बंधूंनो, आईसुद्धा आली! आईनं सुद्धा पाप पदरात घेतलं!" लोक उठून पुढं यायला लागले. बायका गुडघ्यावर पडून रडायला लागल्या. सभा जमली.

तेव्हा अनुसयाबाई उठल्या. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती, आवाज चिरकला. "दोर होता," त्या म्हणाल्या.

मास्तरांना कळेना कोण बोललं.

"पोरीच्या कमरेला दोर होता. पाणी भरायला उतरवलं होतं तिला. तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या चुलीपुढं बसून ऐकलंत तुम्ही."

"अनुसया, खाली बस."

"बसते. पण या बाईनं पोरीला ढकललेलं नाही. तुम्ही ढकललं. गावोगाव."

पाहुण्या पाळकांनी माना खाली घातल्या. मास्तरांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, पांढरा, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा. मग ते लाजरसभाऊंकडे वळून म्हणाले, "गीत घ्या." लाजरसभाऊंनी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि नुसती ठेवून बसले. "गीत घ्या म्हटलं ना!" पेटी वाजली. आणि मी गायले. चारही कडवी. गाता गाता बघत होते, बाई सतरंजीवरून वाट काढत आईपर्यंत गेल्या, तिचा हात धरला, आणि दोघी मांडवाबाहेर गेल्या.

त्या मला घाटाजवळ चिंचेखाली सापडल्या. बाईंनी आपली शिदोरी सोडून आईपुढं ठेवली होती. आई भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. मला बघून म्हणाली, "गळा ग्वाड हाय गं तुजा. बापावर गेलाय."

"आये, म्या खोटं बोलले," मी म्हणाले.

"ह्या बाईनी सांगितलं मला." तिनं हातातला तुकडा उलटसुलट केला. "पर म्हंजी, तुला ठावं हुतं, दोर हुता म्हनून?"

"ठावं हुतं."

"मला वाटलं, ल्हान हुतीस, इसरली आसशील. तुला खरंच ढकलल्यालं वाटत आसंल, म्हनून म्या म्हनलं, चुकलं." मग तिनं विचारलं, "आजच म्हनलीस का ह्ये?"

"न्हाई. रोज."

"रोज? किती गावांत?"

मला मोजता येईना. आईनं भाकरी परत फडक्यात ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर मी पाय तरी धरले असते. "येवड्या गावांत म्या तुला मारलं व्हय गं," ती एवढंच म्हणाली. त्या वाक्याला साठ वर्षं झाली असतील, माझ्या घरात अजून आहे.

संध्याकाळच्या आत मास्तर आले. मला वाटत होतं ते आईची क्षमा मागतील. मी खरोखर त्याचीच वाट बघत होते, त्यांनी मागितली असती तर मी परत त्यांच्या घरी गेले असते. ते म्हणाले, "शेवंता, आज किती माणसं पुढं आली बघितलंस ना? त्यांच्या आत्म्यापुढं तुझी-माझी किंमत काय?" आणि आईला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळंच झालं हे. देव तुमचं भलं करो." त्यांना ते खरंच वाटत होतं. माझा विश्वास त्या क्षणी मोडला, देवावरचा नव्हे, ज्या आवाजातून मला देव कळला होता त्या आवाजावरचा. हात शास्त्रावर ठेवून त्यांनी मला शब्द दिला होता, आणि तो मोडला हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

बाई आईला म्हणाल्या, "हिला घेऊन जा."

"कुठं न्हिऊ? मालकाच्या गोठ्यात ऱ्हाते मी."

मग बाईंनी विचार केला नाही. घरून माझी ट्रंक आणून स्वतः डोक्यावर घेतली आणि आम्हा दोघींना मिरजेला, दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या ओळखीच्या बाईकडे आणून सोडलं. "पोर कष्टाळू आहे, झाडलोट करेल, लिहिता-वाचता येतं," असं सांगितलं. मला तिथं आयाचं काम मिळालं आणि त्यावरच पुढं माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. आई दोन दिवस माझ्याजवळ राहून गाडीनं गेली. जाताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या मनातला सल गेला की नाही, मला कधी विचारता आलं नाही.

बाई मात्र आम्हाला पोचवून त्याच रात्री परत मास्तरांकडे गेल्या होत्या. लाजरसभाऊंकडून कळायचं ते एवढंच, की मास्तर पुढं कितीतरी वर्षं त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत, आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका त्यांना प्रार्थनेला बोलवत नसत. भर सभेत नवऱ्याचा, देवाच्या माणसाचा, अपमान केला म्हणून. त्या दिवशी त्या बरोबर होत्या असं एकाही माणसानं चारचौघांत म्हटलं नाही. मीही नाही. मी मिरजेत, तीन-चार कोसांच्या आत होते.

परवा लाजरसभाऊंची सून भेटली. म्हणाली, अनुसयाबाई आहेत अजून, सांगलीतच पुतण्याकडे. नव्वदी उलटली, ऐकू कमी येतं, डोकं लख्ख आहे. त्याच मंडळीत दर रविवारी पुतण्या त्यांना नेतो आणि शेवटच्या बाकावर बसवतो. हे ऐकून तीन आठवडे झाले आणि मी अजून उठलेली नाही, गुडघ्याचं निमित्त सांगत बसले आहे. पण जाणार आहे मी. त्या मंडळीत साक्षीसाठी वेळ देतात अजून. बाईंना हाताला धरून पहिल्या बाकावर बसवीन, आणि मला आता लोकांपुढं बोलता येतं, तेव्हा त्यांच्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन की ही बाई खरं बोलली होती, आणि मी गप्प बसले होते. बाई, तुमचं एवढं तरी मी फेडीन. तोवर दोघींनी टिकायला हवं.